रात्री झोपणार कुठं?

कागदावर सगळ्यात वर ‘पालकांचे संमतीपत्र’ असं छापलेलं होतं. त्याखाली तारखा होत्या, तीन दिवस आणि दोन रात्री. मग सोबत आणायच्या वस्तूंची यादी: ताट, वाटी, पेला, पांघरूण, बॅटरी, दोरी. मी आठवीत होते आणि गंगापूरच्या आमच्या शाळेतून गाइडच्या शिबिराला मुली जाणार होत्या. वडिलांनी तो कागद दोनदा वाचला. आईनं वाचला नाही. तिनं एवढंच विचारलं, “रात्री झोपणार कुठं?”

दोरीवरून चालायचं होतं, डोंगर चढायचा होता, उघड्यावर चूल पेटवायची होती. त्याबद्दल घरात कुणीच काही विचारलं नाही. सगळी चर्चा त्या दोन रात्रींची होती. शेवटी सही करताना वडील म्हणाले, “दहावीला गुण वाढवून मिळतात म्हणे.” शेजारीपाजारी सांगायला एक कारण मिळालं आणि माझी पिशवी भरली गेली.

पुढे या चळवळीचा इतिहास वाचायला लागले, तेव्हा कळलं की हे आमच्याच घरात घडलं नव्हतं. शंभराहून जास्त वर्षं मुलींना घराबाहेरच्या एका रात्रीसाठी कुठलं ना कुठलं वजनदार कारण दाखवावं लागलेलं आहे. कधी साम्राज्य, कधी राष्ट्र, कधी गुणपत्रिका. कारणं बदलत गेली, आईचा प्रश्न मात्र तोच राहिला.

सुरुवात मुलांपासून झाली. १९०७ च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांना घेऊन एक शिबिर केलं. तंबू, शेकोटी, माग काढणं, गाठी मारणं. पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक आलं आणि इंग्लंडभर मुलांची पथकं उभी राहिली. ४ सप्टेंबर १९०९ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हजारो मुलांचा मोठा मेळावा भरला. त्या गर्दीत काही मुलीही होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पुस्तक वाचून त्यांनी स्वतःच पथकं बांधली होती आणि मिळेल तसा गणवेश करून त्या आल्या होत्या. आपण ‘गर्ल स्काउट’ आहोत, असं त्यांनी सांगून टाकलं.

मला इतिहासातला हा प्रसंग फार आवडतो, कारण इथे मुलींनी कुठलंच कारण दिलेलं नाही. त्यांना यायचं होतं, म्हणून त्या आल्या.

कारण मोठ्यांना लागलं. मुली शिट्ट्या फुंकत रानात फिरू लागल्या तर त्या पुरुषी होतील, अशी ओरड झाली. बेडन-पॉवेलनं १९१० मध्ये मुलींची वेगळी संघटना काढायला लावली आणि ती आपली बहीण ॲग्नेस हिच्याकडे सोपवली. नाव ‘गर्ल गाइड’. हे नाव आपल्या उपखंडातून गेलेलं आहे. वायव्य सरहद्दीवर ‘कोअर ऑफ गाइड्स’ नावाची ब्रिटिश हिंदी सैन्याची तुकडी होती. मुलुखाची माहिती असलेले, वाट दाखवणारे, अडचणीत डोकं शाबूत ठेवणारे म्हणून हे शिपाई ओळखले जात. भारतात नोकरी केलेल्या बेडन-पॉवेलला त्यांचं कौतुक होतं. नाव सरहद्दीवरच्या शिपायांचं, पण १९१२ मध्ये मुलींसाठी जे पुस्तक निघालं त्याच्या शीर्षकात आश्वासन होतं ते साम्राज्य उभारायला मुली कशी मदत करतील याचं. शुश्रूषा, प्रथमोपचार, घरकाम यांना त्यात मानाची जागा होती. तंबू ठोकायला शिकवायचं, पण ते पुढे चांगली गृहिणी होण्यासाठी, असा तो सौदा होता.

मुलींनी सौदा मान्य केला आणि जमेल तिथं वाकवला. लहान मुलींच्या विभागाला १९१४ मध्ये ‘रोझबड’ म्हणजे गुलाबकळी असं नाव दिलं गेलं. ते त्यांना आवडलं नाही, म्हणून लवकरच बदलावं लागलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश गुप्तहेर खात्यानं, म्हणजे एमआय-फाइव्हनं, लंडनच्या कचेरीत निरोप पोचवायला आधी स्काउट मुलं ठेवली होती. ती दंगा करत, म्हणून त्यांच्या जागी गाइड मुली घेतल्या. गुपित ठेवण्यात मुली जास्त भरवशाच्या ठरल्या.

भारतात पहिलं गाइड पथक १९११ मध्ये जबलपूरला निघालं. जबलपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं आणि त्या प्रांताची राजधानी होती नागपूर. म्हणजे ही गोष्ट मराठी मुलखाच्या उंबऱ्यावर येऊन उभी होती. पण आत येणं सोपं नव्हतं. सुरुवातीची पथकं युरोपीय वंशाच्या मुलींपुरती होती. भारतीय मुलींना दार उघडलं ते महायुद्धाच्या काळात. तेही आधी मोठ्या शहरांतल्या आणि मिशनच्या शाळांमध्ये.

आमचं गंगापूर त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. इथल्या मुलीपुढे शिबिराच्या आधी शाळेचाच प्रश्न होता. तरीही १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात मराठवाड्यातल्या बायका घराबाहेर पडल्या. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके हातबॉम्ब घेऊन रझाकारांविरुद्ध लढल्या. लोक त्यांना मराठवाड्याची झाशीची राणी म्हणतात. आज जालना जिल्ह्यात असलेला तो भाग तेव्हा आमच्याच औरंगाबाद जिल्ह्यात होता. दगडाबाईंना रात्री कुठं झोपणार, असं विचारायची कुणाची हिंमत झाली नसेल. कारण मोठं होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं आणि ते कारण संपलं. त्यानंतर शाळेत जाणाऱ्या साध्या मुलीनं काय सांगून घराबाहेर मुक्काम करायचा?

इंग्रजांच्या मुलखातल्या महाराष्ट्रात याची दोन उत्तरं आधीच पुढे आली होती. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई केळकरांनी वर्ध्याला राष्ट्र सेविका समिती काढली. तिथं फक्त मुली आणि बायका, त्यांच्याच शाखा, त्यांचंच शारीरिक शिक्षण. १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दलाची नव्यानं बांधणी झाली, एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. सेवा दलात मुलगे आणि मुली एकत्र खेळत, शिबिरांना जात. कलापथकातल्या तरुण मुली गावोगाव कार्यक्रम करत फिरल्या. दोन्ही संघटनांचे विचार एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे. पण घरच्यांना सांगायचं कारण दोन्हीकडे एकाच शब्दाचं होतं, राष्ट्र. नुसतं ‘मला मैत्रिणींबरोबर रानात राहायचंय’ एवढं कुठंच पुरत नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी मुलांच्या संघटना एक होऊन ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था झाली. १५ ऑगस्ट १९५१ ला गाइड मुली तिच्यात आल्या. अनेक देशांत मुलांची आणि मुलींची संघटना वेगवेगळी असताना आपल्याकडे छत्र एक आणि पथकं स्वतंत्र अशी रचना झाली. पुढे १९६४ मध्ये या संपूर्ण संस्थेच्या राष्ट्रीय आयुक्त म्हणून लक्ष्मी मजुमदार आल्या आणि जवळजवळ दोन दशकं राहिल्या. मुलांसाठी सुरू झालेल्या, मुलींना बाजूला काढून ठेवलेल्या चळवळीची भारतातली सूत्रं एका बाईच्या हाती आली होती.

त्यांच्याच काळात, १६ ऑक्टोबर १९६६ रोजी, पुण्यात ‘संगम’ सुरू झालं. जगभरच्या गाइड मुलींचं हे आशियातलं जागतिक केंद्र. याआधीची केंद्रं स्वित्झर्लंड, लंडन आणि मेक्सिकोत होती. उद्घाटनाला ओलेव्ह बेडन-पॉवेल आल्या होत्या. संगमबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्याच्या कार्यक्रमांपेक्षा त्याच्या मूळ कामाचं नवल वाटलं. ही मुलींनी येऊन राहण्यासाठी बांधलेली वास्तू आहे. खोल्या, पलंग, जेवणघर. जगातल्या कुठल्याही गाइडच्या आईनं तो प्रश्न विचारला, तर दाखवायला एक पत्ता आहे. गंगापूरपासून तो दोनेकशे किलोमीटरवर होता आणि आमच्या वर्गात कुणालाच ठाऊक नव्हता.

आपल्याकडे मुलींच्या धाडसाचा विषय निघाला की हिरकणी आठवते. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं बाळ, आणि अंधारात उतरलेला तो कडा. शाळेत ही कथा आईच्या मायेची म्हणून शिकवतात. ती तशी आहेच. पण कथेचा शेवट नीट आठवा. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि ती उतरली त्या जागी बुरूज बांधून घेतला. गडाच्या सुरक्षेसाठी ते योग्यच होतं. तरी मला वाटत राहतं, तिला शाबासकी मिळाली आणि तिची वाट बंद झाली. आणि घरी बाळ नसतं, ती नुसती कडा उतरून बघावा म्हणून उतरली असती, तर आपण तिचं नाव ठेवलं असतं की तिला नावं ठेवली असती?

आता माझ्या शिबिराकडे येते. दिवसा आम्ही मंकी ब्रिजवरून गेलो. खाली एक दोर, वर धरायला दोन, आणि मध्यावर पोचल्यावर पाय आपोआप थरथरतात. क्लोव्ह हिच आणि रीफ नॉट शिकलो. बिनभांड्याचा स्वयंपाक केला, म्हणजे निखाऱ्यावर कणकेचे गोळे आणि मातीत लिंपलेले बटाटे. शेजारच्या तळावर मुलं पहिल्यांदाच कणीक मळत होती आणि आम्ही त्यांना हसत होतो.

पण लक्षात राहिला तो पहारा. रात्री दोन-दोन मुलींची पाळी असायची. मला आणि माझ्या मैत्रिणीला दोन ते तीनची आली. हातात काठी, बॅटरी आणि शिट्टी. एवढ्या रात्री घराबाहेर उभं राहण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ. लांबून ट्रकचा आवाज येत होता, कुत्री भुंकत होती. भीती वाटली, मग हळूहळू गेली. आत पन्नास मुली झोपल्या होत्या आणि त्यांची राखण आम्ही करत होतो. तोवर मला एवढंच माहीत होतं की रात्री मुलीची राखण करायची असते. मुलगीही राखण करू शकते, हे त्या तासाभरात कळलं. दहावीच्या गुणांशी त्याचा काही संबंध नव्हता.

आईच्या प्रश्नाला मी बरीच वर्षं जुनाट समजत होते. आता तसं वाटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आमच्या मराठवाड्यातल्या परभणी जिल्ह्यात हाच आकडा ४८ टक्के होता. त्यामागे अनेक कारणं आहेत, पण ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतलं एक कारण सगळ्यांना ठाऊक आहे. आईबाप सहा-सहा महिने गाव सोडतात आणि वयात आलेली मुलगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, हे सुचत नाही. म्हणजे प्रश्न तोच, रात्री झोपणार कुठं. त्याला नीट उत्तर मिळालं नाही की लग्न हेच उत्तर होऊन बसतं. उत्तर मिळालं की मुलगी वसतिगृहात राहते, शिबिराला जाते, परीक्षेला दुसऱ्या गावी जाते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका शाळेच्या गाइड शिबिराला मी मदतीला गेले होते. संमतीपत्र घेऊन एक आई आली. तिनं तेच विचारलं, जवळजवळ त्याच शब्दांत. माझ्या तोंडावर गुणांचं कारण आलं होतं. ते मी गिळलं. तिला हात धरून वर्गखोलीत नेलं. सतरंज्या इथं पडतील, दोन बाई दाराशी झोपतील, कडी आतून लागते, संडास या भिंतीला लागून आहे, दिवा रात्रभर चालू राहील, माझा नंबर हा. तिनं कडी स्वतः लावून पाहिली, काढून पाहिली, परत लावली. मग विचारलं, “आणि पोरी करतील काय इथं?”

“दोरीवरून चालतील,” मी म्हटलं. “रात्री पहारा देतील.”

“कशासाठी?”

“त्यांना आवडतं म्हणून.”

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग पेन मागितला.