विद्यार्थी संघाचे विश्वस्त (इंग्लंड व वेल्स)

विद्यार्थी संघाचे विश्वस्त म्हणजे विद्यापीठातील विद्यार्थी संघाच्या कारभारावर सर्वसाधारण नियंत्रण असलेल्या आणि त्या कारभाराबद्दल कायद्याने उत्तरदायी असलेल्या व्यक्ती होत. इंग्लंड व वेल्समध्ये विद्यार्थी संघ ही धर्मादाय संस्था मानली जाते. त्यामुळे रुग्णालयाचा निधी किंवा अनाथाश्रम चालवणाऱ्या विश्वस्तांवर जी बंधने असतात, तीच संघाच्या विश्वस्तांवरही असतात. या विश्वस्तांपैकी अनेक जण विशीतले असतात आणि विद्यार्थ्यांच्या मतांवर निवडून आलेले असतात. मंडळाच्या बैठकीत मात्र त्यांनी संस्थेचे हित पाहून मत द्यावे, मतदारांची इच्छा पाहून नव्हे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. एरवी या दोन गोष्टींत फारसा विरोध येत नाही. येतो तेव्हा मात्र हे पद अवघड ठरते.

प्रस्तुत लेख मुख्यतः इंग्लंड व वेल्समधील व्यवस्थेविषयी आहे. स्कॉटलंडमध्ये धर्मादाय संस्थांचा कायदा आणि नियामक दोन्ही वेगळे आहेत.

संज्ञा व व्याप्ती

१९९४च्या शिक्षण कायद्यानुसार, सर्वसाधारण विद्यार्थ्यांच्या ज्या संघटनेच्या मुख्य उद्दिष्टांत सभासदांचे ‘विद्यार्थी म्हणून’ असलेले हित जपणे समाविष्ट आहे, ती संघटना म्हणजे विद्यार्थी संघ. ‘विद्यार्थी म्हणून’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. संघाने कशावर पैसे खर्च करावेत याविषयीचे बहुतेक वाद अखेर याच दोन शब्दांपाशी येऊन थांबतात.

नामसाधर्म्यामुळे होणारा एक गोंधळ येथेच दूर केलेला बरा. केंब्रिज युनियन (स्थापना १८१५) आणि ऑक्सफर्ड युनियन (स्थापना १८२३) या वादसभा आहेत. वर्गणी भरून त्यांचे सभासद व्हावे लागते. त्या या अर्थाने विद्यार्थी संघ नाहीत.

विश्वस्त कोण, हे पदाच्या नावावरून ठरत नाही. संस्थेच्या प्रशासनावर ज्यांचे सर्वसाधारण नियंत्रण आहे ते विश्वस्त, मग घटनेत त्यांना कार्यकारिणीचे सदस्य म्हटलेले असो वा संचालक. स्वतंत्र विश्वस्त मंडळे रूढ होण्यापूर्वी कार्यकारिणीवर निवडून आलेली मुले कायद्याने विश्वस्तच होती. फक्त ‘विश्वस्त’ हा शब्द त्यांच्या पदनामात नव्हता.

न्यायालयीन निर्णय

विश्वस्तांच्या मर्यादा प्रथम न्यायालयांत स्पष्ट झाल्या. १९७०च्या दशकाच्या आरंभी ससेक्स विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाने दोन कारणांसाठी निधी देण्याचे ठरवले होते. पहिले कारण ‘वॉर ऑन वाँट’ ही गरिबीविरोधात काम करणारी संस्था. दुसरे म्हणजे शाळकरी मुलांचे मोफत दूध बंद करण्याच्या सरकारी धोरणाविरुद्धची मोहीम. ‘बॉल्ड्री विरुद्ध फाइंटक’ या खटल्यात (निकाल प्रसिद्ध १९७२) न्यायमूर्ती ब्राइटमन यांनी दोन्ही देणग्यांना मनाई केली. संघाचा निधी शैक्षणिक हेतूसाठी आहे, एखादे कार्य कितीही चांगले असले तरी ते त्या हेतूत बसत नसेल तर त्यावर हा निधी खर्च करता येणार नाही, असा या निर्णयाचा आशय आहे.

त्यानंतरचा महत्त्वाचा खटला ‘ॲटर्नी जनरल विरुद्ध रॉस’ (निकाल प्रसिद्ध १९८६) हा होय. उत्तर लंडनच्या पॉलिटेक्निकमधील संघाच्या निधीतून संपावर गेलेल्या खाणकामगारांना आणि इथिओपियातील दुष्काळग्रस्तांना मदत देण्याचा प्रश्न त्यात होता. न्यायमूर्ती स्कॉट यांनी संघ ही धर्मादाय संस्था असल्याचा आणि अशी मदत संघाच्या अधिकाराबाहेरची असल्याचा निर्वाळा दिला. त्याच निकालात त्यांनी असेही म्हटले, की विद्यार्थ्यांनी राजकीय प्रश्न समजून घ्यावेत, त्यांवर वाद घालावा आणि स्वतःचे मत बनवावे, यासाठी शैक्षणिक संस्थेने उत्तेजन देण्यात काहीच गैर नाही. निकालाचा हा भाग पुष्कळदा विसरला जातो आणि संघाला राजकारण वर्ज्य आहे असा सरसकट समज करून घेतला जातो. १९९१मध्ये आखाती युद्धाविरुद्धच्या मोहिमेवर एका महाविद्यालयीन संघाचा पैसा खर्च होऊ नये म्हणून न्यायालयाने मनाई हुकूम दिला. त्या वेळी न्यायमूर्ती हॉफमन यांनीही चर्चा आणि मोहीम यांत हाच भेद केला.

धर्मादाय संस्थांचे नियमन करणाऱ्या ‘चॅरिटी कमिशन’ने ही रेषा उदाहरणांनी समजावली आहे. विद्यापीठाच्या परिसरालगतच्या रस्त्यावर दिवे हवेत, ही मागणी विद्यार्थ्यांच्या हिताशी थेट निगडित आहे. दूरदेशीच्या राजबंद्यांची सुटका हा विषय तसा नाही. ही दोन टोके कळायला सोपी आहेत. विश्वस्तांना निर्णय घ्यावा लागतो तो मात्र मधल्या प्रश्नांवर. परदेशी विद्यार्थ्यांच्या मायदेशात युद्ध पेटले आणि त्यांचे शुल्क भरायचे राहिले, तर त्यांच्यासाठी काय करता येईल? शुल्काच्या मुदतवाढीसाठी विद्यापीठाशी भांडणे संघाच्या अधिकारात बसते. त्या युद्धाविषयी भूमिका घेऊन तिच्या प्रचारावर निधी खर्च करणे बहुधा बसत नाही. सभासदांच्या मनात मात्र हे दोन्ही एकाच दुःखाचे भाग असतात.

१९९४चा शिक्षण कायदा आणि नोंदणी

या कायद्याच्या २२व्या कलमाने संघाचा कारभार न्याय्य व लोकशाही पद्धतीने चालावा आणि पैशाचा हिशेब दिला जावा, हे पाहण्याची जबाबदारी विद्यापीठाच्या नियामक मंडळावर टाकली. संघाला लेखी घटना हवी आणि तिचा फेरविचार जास्तीत जास्त ५ वर्षांनी व्हायला हवा. प्रमुख पदांची निवडणूक गुप्त मतदानाने व्हावी लागते. कोणत्याही विद्यार्थ्याला संघाचा सभासद न होण्याचा हक्क असून त्यामुळे त्याचे अन्याय्य नुकसान होता कामा नये. एकाच शिक्षणसंस्थेत एका व्यक्तीला पगारी निर्वाचित पद एकूण २ वर्षांपेक्षा अधिक काळ भूषवता येत नाही. पुढे दिलेल्या आर्थिक प्रश्नांच्या संदर्भात हे शेवटचे बंधन विशेष लक्षात घ्यावे लागते.

पूर्वी विद्यापीठाशी असलेल्या संबंधामुळे संघांना चॅरिटी कमिशनकडील नोंदणीतून सूट होती. २००६च्या धर्मादाय कायद्याने ती काढून घेतली आणि २०१०पासून वार्षिक १ लाख पौंडांहून अधिक उत्पन्न असलेल्या संघांना नोंदणी करावी लागली. याच काळात संघांनी आपल्या घटना नव्याने लिहिल्या, बाहेरील अनुभवी व्यक्तींना मंडळावर घेतले आणि पुष्कळांनी हमीमर्यादित कंपनीचे रूप धारण केले. अशा कंपनीत भागभांडवल नसते. संस्था बुडाल्यास सभासदाची हमी नाममात्र, बहुधा १ पौंडाची असते. कंपनीरूप संघाचा विश्वस्त हा कंपनीचा संचालकही असतो आणि त्याचे नाव कंपन्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत येते.

मंडळाची रचना

मंडळात साधारणतः तीन प्रकारचे विश्वस्त असतात. पहिला प्रकार पूर्णवेळ पगारी पदाधिकाऱ्यांचा. हे विद्यार्थी अभ्यासक्रमातून वर्षभर रजा घेऊन किंवा पदवी पूर्ण होताच संघाचे काम करतात. अध्यक्ष त्यांच्यापैकीच असतो. दुसरा प्रकार शिक्षण चालू ठेवून विनावेतन काम करणाऱ्या विद्यार्थी विश्वस्तांचा. तिसऱ्या प्रकारात बाहेरचे विश्वस्त येतात. हिशेबनीस, वकील, अन्य धर्मादाय संस्थांतील अनुभवी मंडळी, कधी संघाचेच माजी पदाधिकारी असे ते असतात. त्यांची नेमणूक काही वर्षांसाठी असते, पहिल्या दोन प्रकारांतील माणसे मात्र वर्षा-दोन वर्षांत बदलतात. साहजिकच संस्थेची स्मृती बाहेरच्या विश्वस्तांकडे आणि पगारी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे साठत जाते. संघ विद्यार्थ्यांनी चालवायचा की विद्यार्थ्यांसाठी चालवायचा, हा जुना वाद यामुळेच मिटलेला नाही.

विश्वस्तपद सामान्यतः विनामोबदला असते. पगारी पदाधिकारी हा त्याला अपवाद असून त्यासाठी घटनेत स्पष्ट तरतूद लागते. स्वतःच्या वेतनाचा विषय आल्यावर त्यांनी बैठकीतून उठून जायचे असते. क्रीडा मंडळाचा पदाधिकारी विश्वस्त असेल आणि क्रीडा मंडळांच्या अनुदानाचा विषय निघाला, तर त्यानेही आपला हितसंबंध आधी सांगणे आवश्यक आहे.

कर्तव्ये

चॅरिटी कमिशनच्या मार्गदर्शिकेत विश्वस्तांची ६ मुख्य कर्तव्ये सांगितली आहेत: संस्थेचे उद्दिष्ट लोकहितासाठी पार पाडणे, घटना व कायदा पाळणे, संस्थेच्या सर्वोत्तम हितासाठी वागणे, साधनसंपत्ती जबाबदारीने वापरणे, वाजवी काळजी व कौशल्याने काम करणे आणि संस्थेला उत्तरदायी ठेवणे. विश्वस्तांनी निर्णय सामूहिकरीत्या घ्यायचे असतात. विरोधी मत इतिवृत्तात नोंदवता येते, पण निर्णय झाल्यावर तो सर्वांचा होतो. वयामुळे जबाबदारी कमी होत नाही. एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीचे आणि साठीच्या लेखापालाचे दायित्व सारखेच असते. विशेष ज्ञान असलेल्याकडून त्या ज्ञानाच्या प्रमाणात अधिक अपेक्षा मात्र केली जाते.

विश्वस्ताचे कर्तव्य संघाशी असते, विद्यापीठाशी नसते. हे लिहायला सोपे असले तरी संघाच्या उत्पन्नाचा मोठा भाग पुष्कळ ठिकाणी विद्यापीठाच्या वार्षिक अनुदानातून येतो आणि संघाची इमारतही अनेकदा विद्यापीठाच्याच मालकीची असते. अशा वेळी भाडेकराराच्या वाटाघाटीत विद्यापीठासमोर बसणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती सोपी नसते.

सभेचा ठराव आणि मंडळाचा अधिकार

अनेक संघांच्या घटनांत असे कलम आहे, की सर्वसाधारण सभेचा, विद्यार्थी परिषदेचा किंवा सार्वमताचाही निर्णय विश्वस्त मंडळ रद्द ठरवू शकते. त्या निर्णयाचे आर्थिक परिणाम, कायदेभंगाचा संभव किंवा संघाच्या हिताला बाधा ही त्याची कारणे असू शकतात. हजारो विद्यार्थ्यांनी दिलेला कौल दहा-बारा जणांनी बाजूला ठेवावा, हे लोकशाहीच्या सामान्य कल्पनेला रुचत नाही. परंतु ठराव अमलात आणल्यावर निधीचा गैरवापर झाल्याचे ठरले, तर त्याचा जाब सभेला विचारला जात नाही, विश्वस्तांना विचारला जातो. जाणूनबुजून वा निष्काळजीपणे चुकीचा खर्च केल्यास तो स्वतःच्या खिशातून भरून देण्याची वेळ त्यांच्यावर येऊ शकते.

अध्यक्षाची अडचण याहून मोठी असते. ज्या मागणीवर तो निवडून आला, तीच मंडळापुढे अधिकाराबाहेरची म्हणून येऊ शकते. त्याने प्रचारात दिलेले वचन हे मंडळातील मताचे कारण होऊ शकत नाही. प्रत्यक्षात अशा वेळी ठराव सरसकट फेटाळण्याऐवजी तो कायद्यात बसेल असा करून घेण्याकडे कल असतो. देणगीऐवजी चर्चासत्र ठेवले जाते किंवा संघाच्या निधीला हात न लावता विद्यार्थ्यांकडून त्या कारणासाठी स्वतंत्रपणे, उघडपणे वर्गणी गोळा केली जाते.

हिशेब आणि जुनी देणी

अनेक संघांचे आर्थिक वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे असते आणि नवे पदाधिकारी उन्हाळ्यात सूत्रे घेतात. सरलेल्या वर्षाचा ताळेबंद शरद ऋतूत मंडळापुढे येतो. म्हणजे ज्या वर्षी आपण पदावर नव्हतो, त्या वर्षाच्या हिशेबावर सही करणे हे नव्या विश्वस्ताच्या पहिल्या कामांपैकी एक असते.

सर्वांत लांबवर जाणारे देणे निवृत्तिवेतनाचे आहे. देशभरातील संघांच्या कर्मचाऱ्यांसाठी एक सामाईक निवृत्तिवेतन योजना होती. तिच्यात ठरावीक निवृत्तिवेतनाची हमी असे. ही योजना २०११मध्ये नव्या लाभांसाठी बंद झाली, पण आधीच्या सेवेचे देणे आणि निधीतील तूट उरली. सहभागी संघांना ती तूट भरून काढण्यासाठी दरवर्षी रक्कम द्यावी लागते. नवे मूल्यांकन झाले की ही रक्कम बदलते. आजचे विद्यार्थी विश्वस्त जन्माला येण्यापूर्वी ज्यांनी संघाच्या दुकानात वा उपाहारगृहात नोकरी केली, त्यांच्या वृद्धापकाळाची तरतूद अशा रीतीने या विद्यार्थ्यांच्या सहीने होते. हा पैसा नव्या समुपदेशन केंद्राला मिळाला असता, ही तक्रार मंडळांत ऐकू येणे स्वाभाविक आहे. तरीही तो देणे बंधनकारक आहे आणि ज्यांनी आयुष्यभर काम केले त्यांच्या बाजूने पाहता न्याय्यही आहे. संघ कंपनीरूप नसेल, तर अशा देण्यांचा आणि नोकरीच्या करारांचा भार विश्वस्तांवर व्यक्तिशः येण्याचा धोका राहतो. कंपनीचे रूप घेण्यामागे हे एक प्रमुख कारण होते.

भाषणस्वातंत्र्याचा प्रश्न

२०२३च्या उच्च शिक्षणातील भाषणस्वातंत्र्याच्या कायद्यात इंग्लंडमधील संघांवर थेट कर्तव्ये टाकणारी तरतूद होती. मात्र ऑगस्ट २०२५मध्ये कायद्याची मुख्य कलमे लागू झाली तेव्हा संघांविषयीचा हा भाग अमलात आणला गेला नाही. बाहेरच्या वक्त्यांना बोलावण्याविषयीचे निर्णय विश्वस्तांना धर्मादाय कायद्याच्या आणि विद्यापीठाच्या आचारसंहितेच्या चौकटीत घ्यावे लागतात.

महाराष्ट्रातील व्यवस्थेशी फरक

महाराष्ट्रात ‘विश्वस्त’ हा शब्द १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यामुळे आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयामुळे देवस्थाने व शिक्षणसंस्था यांच्या संदर्भात परिचित आहे. विद्यार्थी परिषदेच्या संदर्भात तो वापरला जात नाही. येथील विद्यार्थी परिषद २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखाली, विद्यापीठाच्या चौकटीतच येते. तिची स्वतंत्र मालमत्ता, स्वतःचे नोकर वा निवृत्तिवेतनाची देणी नसतात. इंग्लंडमध्ये उच्च शिक्षणासाठी गेलेला मराठी विद्यार्थी मात्र प्रवेश घेताच सामान्यतः तेथील संघाचा आपोआप सभासद होतो. नकार कळवला नाही तर तो सभासद राहतो, मतदान करू शकतो आणि घटनेच्या अटींत बसत असल्यास विश्वस्तपदासाठी उभाही राहू शकतो.