उघड्यावरील वाय-फायची साधने : धरमशालेचे जाळे

मोकळ्या जागेत बिनतारी इंटरनेट पुरवण्यासाठी कोणता अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे आसपासच्या संगणकांना रेडिओलहरींद्वारे जाळ्याशी जोडणारे यंत्र, निवडावा हे आज पल्ला आणि किंमत पाहून ठरते. भारतात मात्र २००५ पूर्वी तो मुख्यतः परवान्याचा प्रश्न होता. अमेरिकेने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा १९८५ मध्येच विनापरवाना वापरासाठी खुला केला होता आणि वाय-फायचे पहिले मानक १९९७ मध्ये आले होते, तरी येथे इमारतीबाहेर हा पट्टा वापरण्याची सर्वसाधारण मुभा जानेवारी २००५ च्या अधिसूचनेनेच मिळाली.

पुढच्याच महिन्यात हिमाचल प्रदेशातील धरमशाला येथे तिबेटी निर्वासितांच्या संस्थांना जोडणारे सामुदायिक जाळे सुरू झाले, ज्यातून पुढे एअरजल्दी ही संस्था उभी राहिली. तेथील डोंगरउतारांवर एका उंच मनोऱ्यावरून सर्वांपर्यंत पोहोचणे अशक्य होते, कारण या लहरींना दोन्ही टोकांमध्ये अडथळा चालत नाही. म्हणून प्रत्येक केंद्राने शेजारच्या केंद्राचा संदेश पुढे पोहोचवावा आणि एखादे बंद पडल्यास वाट आपोआप बदलावी, अशी मेश पद्धत स्वीकारण्यात आली. वीज वारंवार जाणाऱ्या गावात हा दुसरा गुण पहिल्याइतकाच मोलाचा ठरला.

यंत्राची निवड तर वरकरणी विपरीतच होती. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर घरातल्या टेबलासाठी बनलेला होता. परंतु त्याची आज्ञावली लिनक्सवर आधारलेली असल्यामुळे तिच्यात फेरफार करता येत होते, त्याचे अँटेना सुटे होते आणि तो १२ व्होल्टवर चालत असल्याने बॅटरी व सौर पॅनेल यांच्याशी त्याचे सहज जुळत होते. पाऊस रोखणारी पेटी बाहेरून चढवता येते, बंदिस्त आज्ञावली मात्र नंतर उघडता येत नाही, हे पाहता ती निवड महागड्या तयार संचापेक्षा शहाणपणाची म्हणावी लागते. (अँटेनावर झोके घेणाऱ्या माकडांचा विचार अर्थातच कोणत्याही उत्पादकाने केला नव्हता.)

अँटेनाबाबत डोंगराने आणखी एक अट घातली. चहूबाजूंना लहरी फेकणाऱ्या अँटेनाची प्रवर्धनक्षमता, म्हणजे शक्ती ठरावीक दिशेत एकवटण्याचे प्रमाण, जितकी वाढवावी तितका त्याचा झोत उभ्या दिशेत चपटा होतो, आणि मग सपाटीवर लांब पोहोचणारा तोच अँटेना खालच्या वळणावरील घराला जवळ असूनही वगळतो. नुसती प्रक्षेपणशक्ती वाढवूनही भागत नाही, कारण दूरच्या लॅपटॉपचा क्षीण प्रतिसाद परत ऐकू यावा लागतो.

या रचनेची खरी मर्यादा वेगळीच होती : सर्व केंद्रे एकाच वाहिनीवर असल्यामुळे संदेश पुढे पाठवताना प्रत्येक टप्प्याला उपलब्ध वेग जवळजवळ निम्मा होई. केंद्राकेंद्रांतील दुव्यासाठी ५ गिगाहर्ट्झ आणि वापरकर्त्यांसाठी २.४ गिगाहर्ट्झ, असे दोन रेडिओ असलेली यंत्रे हा त्यावरचा उपाय होता; पण ५ गिगाहर्ट्झमधील ६०५ मेगाहर्ट्झ इतका विस्तृत भाग भारतात घराबाहेरच्या वापरासाठी विनापरवाना खुला होण्यास २०१८ उजाडले.