पेनिसिलिनाचे संश्लेषण
पेनिसिलीन या प्रतिजैव पदार्थाचा रेणू साध्या संयुगांपासून प्रयोगशाळेत तयार करण्याची क्रिया. रेणूतील चार अणूंचे वलय पूर्ण करणे, म्हणजेच वलयीकरण, हा या संश्लेषणातील सर्वांत अवघड टप्पा ठरला.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये लंडन येथे पेनिसिलियम बुरशीचा जंतुरोधक गुणधर्म शोधून काढला. हॉवर्ड फ्लोरी, एर्न्स्ट चेन व त्यांचे सहकारी यांनी ऑक्सफर्ड येथे १९३९ नंतर केलेल्या संशोधनाने त्याचा औषधी उपयोग सिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धात औषधाची निकड वाढली व बुरशीपासून पुरेसे उत्पादन होईल की नाही, याची शाश्वती नव्हती. त्यामुळे ब्रिटन व अमेरिका यांनी संश्लेषणाचा संयुक्त कार्यक्रम हाती घेतला. त्यात सु. एक हजार रसायनशास्त्रज्ञ गुंतलेले होते.

प्रथम रेणूच्या संरचनेविषयीच मतभेद होते. रॉबर्ट रॉबिन्सन यांनी थायाझोलिडीन-ऑक्झॅझोलोन संरचना सुचविली, तर एडवर्ड एब्राहॅम व चेन यांनी बीटा-लॅक्टाम वलयाचा पुरस्कार केला. १९४५ मध्ये डोरोथी हॉजकिन यांच्या क्ष-किरण स्फटिकविज्ञानीय संशोधनाने दुसरे मत खरे ठरले.

बीटा-लॅक्टाम वलयात तीन कार्बन अणू व एक नायट्रोजन अणू असतो. अशा लहान वलयात बंधकोन सु. ९० अंशांपर्यंत आकुंचित होतात व वलयावर ताण पडतो. शेजारच्या गंधकयुक्त पंचअणुक वलयाशी ते जोडलेले असल्याने हा ताण आणखी वाढतो. त्यामुळे अम्ल, अल्कली किंवा उष्णता यांनी ते सहज उघडते. सूक्ष्मजंतूंची कोशिकाभित्ती बांधणाऱ्या एंझाइमाशी (जीवरासायनिक विक्रिया घडविणाऱ्या प्रथिनाशी) पेनिसिलीन जखडले जाते तेही याच वलयाच्या उघडण्याने. म्हणजे औषधाचा गुण व रसायनशास्त्रज्ञांची अडचण यांचे मूळ एकच होते.

युद्धकाळात घटकद्रव्ये तापवून केलेल्या प्रयोगांत पेनिसिलीन जेमतेम लेशमात्र तयार होई. अशा मिश्रणातून व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी १९४६ मध्ये कृत्रिम बेंझिल पेनिसिलीन वेगळे केले, परंतु ही पद्धत उपयुक्त नव्हती. युद्ध संपताच बहुतेकांनी हा प्रश्न सोडून दिला.

मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील जॉन शीहान यांनी १९४८ मध्ये तो पुन्हा हाती घेतला. पंचअणुक वलय आधी तयार करावे व नाजूक वलय सर्वांत शेवटी पूर्ण करावे, अशी त्यांची योजना होती. शेवटच्या टप्प्यात एकाच रेणूतील कार्बॉक्सिल व अमिनो गटांमधून पाण्याचा रेणू काढून घ्यावयाचा होता. नेहमीची तीव्र निर्जलीकारके त्यासाठी निरुपयोगी होती. १९५५ मध्ये शीहान व जॉर्ज हेस यांनी पेप्टाइड बंध जोडण्यासाठी डायसायक्लोहेक्झिलकार्बोडायइमाइड हे विक्रियाकारक वापरले होते. तेच येथे उपयोगी पडले. सजल विद्रावात, सर्वसाधारण तापमानास, सु. वीस मिनिटांत वलय पूर्ण झाले. शीहान व के. आर. हेनरी-लोगन यांनी १९५७ मध्ये पेनिसिलीन-व्हीचे हे संश्लेषण प्रसिद्ध केले. वलयीकरणाच्या टप्प्यातील उत्पाद मात्र दहा-बारा टक्क्यांपलीकडे गेला नाही.

व्यापारी उत्पादनासाठी किण्वनच स्वस्त राहिले. पुण्याजवळ पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सच्या कारखान्यातही १९५५ पासून पेनिसिलीन किण्वनानेच तयार होऊ लागले. तथापि बाजूची शृंखला बदलून नवी पेनिसिलिने तयार करता येतील, हे या संशोधनाने स्पष्ट झाले. बीचम कंपनीच्या संशोधकांनी किण्वनातून ६-अमिनोपेनिसिलॅनिक अम्ल वेगळे केल्याचे १९५९ मध्ये जाहीर केले. त्यापासून मेथिसिलीन (१९६०) व अँपिसिलीन (१९६१) ही अर्धसंश्लेषित औषधे निघाली.

काही सूक्ष्मजंतू पेनिसिलिनेज या एंझाइमाने औषध निष्प्रभ करतात, हे एब्राहॅम व चेन यांनी १९४० मध्येच दाखविले होते; हे एंझाइम बीटा-लॅक्टाम वलय उघडते. मेथिसिलिनाची बोजड शृंखला या हल्ल्यापासून वलयाचे रक्षण करते. परंतु १९६१ मध्येच ब्रिटनमध्ये मेथिसिलिनालाही न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस जंतू आढळले. जे वलय पूर्ण करण्यास रसायनशास्त्रज्ञांना दीर्घकाळ झगडावे लागले, त्याचा प्रभाव टिकवून धरणे हा त्यानंतरच्या संशोधनाचा प्रमुख विषय झाला.