जेवढं बाहेर, तेवढं आत: सलाईनचा इतिहास आणि तुमचा म्हातारा कुत्रा

घरातला कुत्रा म्हातारा झाला, सारखं पाणी प्यायला लागला आणि रात्री घरातच शू करू लागला, की काही जण संध्याकाळनंतर त्याचं पाण्याचं भांडं उचलून ठेवतात. कृपया असं करू नका. मूत्रपिंडं थकली की लघवी घट्ट करण्याची त्यांची ताकद जाते. पातळ लघवीतून भरपूर पाणी निघून जातं आणि ते भरून काढण्यासाठी कुत्रा पाणी पितो. म्हणजे जास्त प्यायल्यामुळे जास्त शू होत नाही, जास्त शू होते म्हणून तो जास्त पितो. पाणी काढून घेतलं तर काही तासांत त्याची तब्येत ढासळू शकते.

‘जेवढं बाहेर गेलं, तेवढं आत गेलं पाहिजे’ हा हिशेब आज साधा वाटतो. पण तो माणसांच्या एका साथीतून शिकावा लागला.

१८३१ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये कॉलरा पोहोचला. विल्यम ओ'शॉनेसी या तरुण डॉक्टरने रुग्णांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यातलं पाणी आणि क्षार घटल्याचं दिसलं. (हेच ओ'शॉनेसी पुढे कलकत्त्याला आले आणि भारतात तारयंत्र आणणारे म्हणून ओळखले गेले.) त्यांचं लेखन वाचून १८३२ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथ बंदरातले डॉ. थॉमस लाटा यांनी मिठाचं पाणी थेट शिरेत सोडलं. त्यांची पहिली रुग्ण एक वृद्ध बाई होती. सुमारे सहा पाइंट, म्हणजे तीन लिटरच्या वर पाणी गेल्यावर बुडालेली नाडी परत आली, चेहऱ्यावर रंग आला. पण जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी मात्र पुन्हा दिलं गेलं नाही. काही तासांत ती बाई गेली.

हा धडा मूत्रपिंडाच्या आजारालाही लागू पडतो. सलाईनची एक बाटली लावली की कुत्रा टवटवीत दिसतो. पण गळती चालूच असते, म्हणून भरणाही चालू ठेवावा लागतो.

पुढे लंडनमध्ये सिडनी रिंगर यांनी १८८० च्या दशकात बेडकाच्या हृदयावर प्रयोग करताना दाखवलं की नुसतं मीठ पुरत नाही, कॅल्शियम आणि पोटॅशियमही लागतं. १९३० च्या दशकात अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमन यांनी त्यात लॅक्टेट घातलं. दवाखान्यात ‘आरएल’ म्हणतात ती बाटली, म्हणजे रिंगर लॅक्टेट, ती हीच.

शीर सापडणं, सुई टिकणं हे तेव्हा अवघड होतं. म्हणून एकोणिसाव्या शतकात कातडीखाली सलाईन सोडण्याची पद्धतही आली. इटलीत नेपल्सच्या आर्नाल्दो कांतानी यांनी ती कॉलऱ्यासाठी वापरली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर माणसांत ती मागे पडली. शिरेतून सलाईन देणं सोपं झालं हे एक कारण. दुसरं म्हणजे क्षार नसलेलं ग्लुकोजचं पाणी कातडीखाली दिल्याने काही रुग्णांना शॉक बसला. असं पाणी शरीरातले क्षार आणि द्रव स्वतःकडे ओढून घेतं.

कुत्र्या-मांजरांत मात्र ही पद्धत टिकली. कुत्र्याच्या खांद्यावरची कातडी सैल असते. तिच्याखाली सोडलेलं पाणी काही तासांत हळूहळू शोषलं जातं. तोवर तिथे मऊ फुगा दिसतो, कधी तो पुढच्या पायाकडे उतरतो. घाबरू नका. पशुवैद्यांनी शिकवलं तर हे घरीही करता येतं. मात्र प्रत्येक कुत्र्याला याची गरज नसते. कोणतं सलाईन, किती आणि किती दिवसांनी, हे त्यांनीच ठरवायचं. हृदयाचा आजार असेल तर जास्त पाण्याने छातीत पाणी साठू शकतं. आणि घरात पडलेली ग्लुकोजची बाटली कातडीखाली कधीही वापरू नका.

तुमच्या हातात असलेल्या गोष्टी अशा:

- ताजं पाणी दोन-तीन ठिकाणी, रात्रीसुद्धा ठेवा.
- जेवणात कोमट पाणी मिसळा. चिकनचं पाणी चालेल, पण मीठ, कांदा, लसूण न घातलेलं.
- रात्री झोपण्यापूर्वी एकदा जास्त फिरवून आणा.
- हिरड्यांना बोट लावून पाहा. त्या कोरड्या, चिकट लागल्या तर पाणी कमी पडतंय. म्हाताऱ्या कुत्र्याची कातडी तशीही सैल असते, त्यामुळे नुसत्या कातडीच्या चिमटीवर विसंबू नका.
- उलट्या, खाणं-पिणं बंद, अचानक लघवी थांबणं: त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या.

सलाईनने मूत्रपिंड बरं होत नाही. पण पाण्याचा हिशेब जुळत राहिला, तर उरलेले महिने, कधी वर्षं, तो खातो, शेपूट हलवतो, दारात तुमची वाट पाहतो. फरशी पुन्हा पुसता येते. पाण्याचं भांडं मात्र भरलेलं असू द्या.