राजा कशासाठी?



६ मे २०२३ रोजी लंडनला तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला. सोन्याची बग्गी, मुकुट, राजदंड, सारा थाट आमच्या अंबडलाही लोकांनी घरबसल्या पाहिला. आमच्या गल्लीतले नव्वदीच्या घरातले एक आजोबा शेजारी बसून पाहत होते. त्यांनी मला विचारले, "सर, हा राजा करतो तरी काय?" मी सांगितले, पार्लमेंटने केलेल्या कायद्यावर संमती देतो. "अन् नाही म्हणला तर?" म्हटले, नाही म्हणत नाही. १७०८ साली ॲन राणीने एका विधेयकाला शेवटचा नकार दिला. त्यानंतर तिथल्या कोणत्याही राजाने वा राणीने तसे केलेले नाही. आजोबा हसले. म्हणाले, "मग आमचा उलटा होता. तो समद्यालाच नाही म्हणायचा."

हा 'आमचा' म्हणजे हैदराबादचा सातवा निजाम, मीर उस्मान अली खान. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत त्याच्या राज्यात होता, हे शाळेतल्या मुलांना ठाऊक असते; पण ते राज्य म्हणजे काय होते, हे आजोबांच्या त्या एका वाक्यात जास्त आले आहे. १९३८ साली स्टेट काँग्रेस काढायची म्हटले, तर ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी आली. त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हटले, त्यांना काढून टाकण्यात आले. पुष्कळ मुले शिकण्यासाठी नागपूरला गेली. बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारी, आणि कारभार उर्दूत. लोकांनी काय मागायचे ते मागावे, शेवटचा शब्द फर्मानाचा.

न्यायाने बोलायचे तर त्याने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. निजामसागर धरण, उस्मानिया दवाखाना, विद्यापीठ ही कामे त्याच्या काळातली आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेलाही त्याने पैसा दिला. पण देणारा तोच, नाकारणारा तोच आणि हिशेब विचारणारा कुणीच नाही, ही खरी अडचण होती. राज्याच्या जमिनीचा जवळजवळ दहावा हिस्सा 'सर्फेखास' होता. म्हणजे त्या मुलखाचा वसूल सरकारी तिजोरीत न जाता निजामाच्या खाजगीत जायचा. १९३७ साली अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने मुखपृष्ठावर त्याचे चित्र छापले, ते जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून.

आता एक योगायोग पाहा. २० नोव्हेंबर १९४७ रोजी इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ हिचे लग्न झाले. निजामाने आहेर पाठवला, आणि तो कसा? लंडनच्या कार्तिये या जवाहिऱ्याकडे कळवले की राजकन्येला आवडेल ते तिने निवडावे. तिने हिऱ्यांचा हार आणि शिरोभूषण निवडले. राणी झाल्यावरही तिने तो हार घातला. आजही तो निजामाचा हार म्हणूनच ओळखला जातो. ज्या महिन्यात हे लग्न लागले, त्याच महिन्याच्या २९ तारखेला निजामाने भारत सरकारशी 'जैसे थे' करार केला. इकडे गावोगाव रझाकारांची दहशत होती, आणि शेतकऱ्याच्या खळ्यावरून लेव्हीचे धान्य उचलले जात होते. माणसे घरदार टाकून सरहद्दीवरच्या छावण्यांत जात होती.

अंबडकरांना दुसऱ्या एका राजवटीचीही आठवण आहे. आमच्या मत्स्योदरी देवीच्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, असे इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. होळकरांच्या घरात दौलतीचा पैसा वेगळा आणि खासगी वेगळी. अहिल्याबाईंचे घाट, विहिरी, धर्मशाळा यांचा खर्च या खासगीतून झाला. खासगी इथेही होती, सर्फेखास तिथेही. फरक एवढाच की एकीचे पाणी लोकांच्या घागरीत आले. अर्थात अहिल्याबाईंच्या नंतर कोण येणार, हेही प्रजेच्या हाती नव्हतेच. चांगला राजा मिळणे हे पाऊसपाण्यासारखे होते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस ॲक्शन सुरू झाली, १७ तारखेला निजाम शरण आला. पुढे गंमत अशी की तोच निजाम २६ जानेवारी १९५० पासून हैदराबादचा राजप्रमुख झाला आणि ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत त्या पदावर राहिला. मंत्रिमंडळाने ठरवायचे आणि त्याने सही करायची. म्हणजे एका अर्थी त्याला इंग्लंडच्या राजाचीच नोकरी मिळाली! वर साल भराचा ५० लाख रुपये तनखा. संस्थानिकांचे तनखे बंद करण्याचे विधेयक सप्टेंबर १९७० मध्ये लोकसभेत मंजूर झाले, पण राज्यसभेत १४९ विरुद्ध ७५ अशी मते पडून एका मतापेक्षाही कमी फरकाने फसले, कारण दोन तृतीयांश हवी होती. शेवटी डिसेंबर १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे आणि किताब दोन्ही गेले.

इंग्रजांनी राजाला ठेवले, पण ठेवण्याआधी बांधले. १६४९ मध्ये एका राजाचा शिरच्छेद केला, १६८९ मध्ये हक्कांचा कायदा करून दुसऱ्याला अटी घातल्या. आता तिथली तरुण माणसेही विचारतात की नुसत्या सहीसाठी एवढा खर्च कशाला? बार्बाडोसने तर ३० नोव्हेंबर २०२१ रोजी राणीला शांतपणे निरोप दिला आणि आपला राष्ट्राध्यक्ष केला. माझ्या मते त्यांचा प्रश्न योग्य आहे. पण इंग्रजांचा राजा त्यांना निदान परवडतो, कारण तो नाही म्हणत नाही. आपल्याला तो चैनीचा प्रश्न कधी पडलाच नाही.

हे सारे मी आजोबांना सांगितले. हाराची गोष्ट त्यांनी दोनदा विचारून घेतली. मग उठता उठता म्हणाले, "लेव्हीची पावती अजून आहे बरं का. बापाच्या पेटीत."