हातकणंगल्यात लाव्हा येतो तेव्हा

आधीच सांगून ठेवतो, शंकूच्या आकाराचा डोंगर शोधत बसू नका. तुम्ही ६ कोटी ६० लाख वर्षं मागे आला आहात. जागा हातकणंगल्याचीच आहे, पण शाळेच्या पुस्तकातला तो टोकातून धूर सोडणारा ज्वालामुखी इथे कुठेही दिसणार नाही. समोर नुसता माळ आहे. ताडामाडाच्या जातीची झाडं, नेचे, ओलसर जमीन. कुठे गवतही असेल, कारण चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनोसॉरचं दगड झालेलं शेण सापडलं, त्यात गवताचे सूक्ष्म अवशेष निघाले. तेव्हा एखादं अवाढव्य जनावर आडवं आलंच, तर वाट सोडा.

भर दुपार आहे आणि तुमची सावली दक्षिणेला पडली आहे. सूर्य उत्तरेकडे कललाय. भारत अजून विषुववृत्ताच्या खाली, भर महासागरात एकटा, उत्तरेकडे सरकतो आहे. दिवससुद्धा साडेतेवीस तासांचाच. आज रियुनियन बेटावरच्या ज्वालामुखीला पेटतं ठेवणारा भूगर्भातला तप्त स्रोत या वेळी आपल्या भूमीच्या पोटाखाली आहे.

उत्तरेचा वारा सुटला की नाकाला झोंबतं. काडेपेटीची काडी ओढल्यावर येतो तोच वास, सल्फर डायऑक्साइडचा. आग मात्र इथे नाही. ती साडेतीनशे ते पाचशे किलोमीटर लांब, नाशिकपासून धुळे-नंदुरबारपर्यंतच्या मुलखात आहे. तिथे जमीन मैलोन् मैल फाटली आहे आणि भेगांतून लाव्ह्याची कारंजी उडताहेत. त्या भेगांत शेवटी थिजून राहिलेला दगड आजही धुळे-नंदुरबारच्या माळावर काळ्या भिंतींसारखा सरळ धावताना दिसतो. त्यातल्या काही भिंतींचं रासायनिक पृथक्करण करून सह्याद्रीतल्या थरांशी त्यांचं नातं जुळवलं गेलं आहे.

मग डोंगर का नाही झाला? गुऱ्हाळाच्या मुलखात हे सांगायला सोपं आहे. काईलीत रस पातळ असतो तोवर वाफ बिनबोभाट निघून जाते; तो घट्ट होत आला की फदफदतो आणि शेजारी उभ्या असलेल्याला चटका देतो. शिलारसात ही घट्टाई सिलिका आणते. ती जास्त असली की रस चिकट होतो, वायू आत कोंडतो आणि शेवटी डोंगरासकट फुटतो. १८८३मध्ये क्राकाटोआचं तेच झालं. राख आणि लाव्हा यांचे थर आलटून पालटून साचले की उंच शंकू होतो. अंदमानातलं बॅरन बेट, म्हणजे भारतातला एकमेव जागा ज्वालामुखी, त्या घडणीचं. रस पातळ असेल आणि एकाच ठिकाणाहून निघत राहिला, तर हवाईतल्या मौना लोआसारखा पसरट, ढालीच्या पाठीसारखा पर्वत बनतो. आणि पातळ रस लांबच लांब भेगेतून निघाला, तर पर्वत बनतच नाही, पठार बनतं. आपलं हे असं.

आता पायाखाली बघा. लाव्हा आला आहे.

लोंढा येईल म्हणून तुम्ही पळायच्या तयारीत होता ना? गरज नाही, तुमच्या चालण्यापेक्षा तो हळू आहे. चकाकता गोळा पुढे सरतो, त्याच्यावर करडी साय धरते, ती तडकते, तडकेतून दुसरा गोळा बाहेर पडतो. साय थिजताना बारीक काच फुटल्यासारखा आवाज येतो. झाडं बुंध्याशी पेट घेऊन आडवी होतात. गुडघ्याएवढा असलेला थर काही दिवसांत तुमच्या डोक्याच्या वर जातो, पण वरून काही वाहिलेलं नसतं. कवचाखाली नवा रस शिरत राहतो आणि सगळा थर आतून फुगतो. तेच कवच आतली उष्णता धरून ठेवतं, म्हणून अकराशे अंशांवरचा हा रस शेकडो किलोमीटर थिजत नाही. काही प्रवाह तर सुमारे हजार किलोमीटर दूर, थेट आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत पोचले.

माणसांनी पाहिलेला याच जातीचा मोठा उद्रेक आइसलँडमधल्या लाकीचा, १७८३चा. सत्तावीस किलोमीटरची भेग आठ महिने वाहत होती. सुमारे पंधरा घन किलोमीटर लाव्हा निघाला, विषारी धुक्याने गुरं मेली आणि मागोमाग आलेल्या दुष्काळात देशातला निदान पाचवा हिस्सा माणूस संपला. दख्खनच्या एकेका उद्रेकात शेकडो घन किलोमीटर रस निघाला. काहींत हजाराच्याही वर. डायनोसॉर उल्केने मारले की या धुराने, हा वाद शास्त्रज्ञांत अजून चालू आहे. तो वास घेतल्यावर तुम्ही कुणाच्या बाजूने बोलाल, मला अंदाज आहे.

थोडं पुढे चला, काही हजार वर्षं. मधला काळ शांत आहे, आणि दख्खनच्या गोष्टीत शांत काळच जास्त. थिजलेल्या दगडावर माती झाली, रान उगवलं, तळी साचली. मग पुन्हा उत्तरेकडून वास. नवा थर त्या मातीवर चढतो आणि ती खाली दबून, भाजून लालभडक होते. असं पुन्हा पुन्हा होत जातं. तुम्हाला दर खेपेला वर चढावं लागतं, कारण जमीनच वर येते आहे. सह्याद्रीतल्या थरांच्या गटांना भूवैज्ञानिकांनी खालून वर पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर अशी नावं दिली आहेत. त्यांच्याही वरच्या गटाचं नाव तुमच्या ओळखीचं आहे: पन्हाळा.

शेवटचा लाव्हा थंड झाला तेव्हा तुम्ही आजच्या हातकणंगल्याच्या शेकडो मीटर वर, हवेत म्हणावं अशा उंचीवर उभे असता. पन्हाळ्याची माथ्याची सपाटी आणि तिच्यावरचा जांभा त्या जुन्या उंचीच्या जवळपासचे. बाहुबलीचा आणि रामलिंगाचा डोंगर म्हणजे झिजता झिजता उरलेले तुकडे. मधलं सगळं वारणा-पंचगंगेने कोरून कृष्णेत टाकलं आणि कृष्णेने बंगालच्या उपसागरात नेलं. पन्हाळ्याजवळ बांदिवड्याला काही दगड उभे खांब होऊन थिजले, तेही ही झीज झाली म्हणूनच उघडे पडले.

आजच्या शेतात परत येताना विहिरीतून वर या, म्हणजे थर नीट दिसतील. प्रत्येक थराच्या माथ्याला वायूच्या बुडबुड्यांची भोकं, मध्ये भरीव काळा पाषाण. पाणी सापडतं ते बहुतेक भोकाळ, कुजलेल्या माथ्यात नाहीतर भेगांत. भरीव पाषाण लागला की सुरुंगाशिवाय भागत नाही आणि ओलावाही मिळत नाही. म्हणून दोन शेजारच्या रानांत एकाची विहीर उन्हाळ्यात भरलेली असते आणि दुसऱ्याची मार्चमध्येच तळ दाखवते. त्याहून खोल बोअर मारताना मध्येच लाल गाळ वर यायला लागतो. ती दोन उद्रेकांमधली भाजलेली माती. बोअरवाल्याला तिचा राग येतो, कारण ती ढासळते आणि केसिंगचा खर्च वाढतो.