उन्मादाचीं नांवें



नारायणबळी-नागबळीचा तीन दिवसांचा विधि करण्यासाठीं दूरदूरचीं कुटुंबें त्र्यंबकेश्वरीं येतात. घरांतील कोणाचें मन थाऱ्यावर नाहीं म्हणून आलेलींही त्यांत असतात. या दुःखास पितृदोष म्हणावें कीं सर्पहत्येचें पाप, हा त्यांचा पहिला प्रश्न. नांव ठरविण्याची ही ओढ फार जुनी आहे.

चरकसंहितेंत उन्मादाचे वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक व आगंतु असे पांच प्रकार आहेत. परंतु त्याच ग्रंथांत दैवी उपाय व औषधोपचार यांच्या जोडीस ‘सत्त्वावजय’ ठेवला आहे. म्हणजे अहितकर विषयांपासून मन आवरणें. हा उपाय कोणा एका प्रकारापुरता नाहीं.

इंग्रजी अमदानींत मात्र नांवच भारी झालें. १९१२ च्या कायद्यानें ‘वेडा’ ठरलेला मनुष्य भिंतीआड जाई. ठाण्याचें मनोरुग्णालय त्याहून जुनें, १९०१ सालचें. तो कायदा १९८७ च्या कायद्यानें गेला. रुग्णास सांखळीनें बांधण्याची स्पष्ट मनाई २०१७ च्या कायद्यानें झाली.

नांवांखालीं समान काय, हा विचार आतां पुन्हां होत आहे. अमेरिकेंत डेव्हिड बार्लो प्रभृतींनीं २०११ मध्यें एक उपचारक्रम प्रसिद्ध केला. चिंता, भयगंड, खिन्नता हीं निदानें वेगळीं. पण तीव्र भावनांस भिऊन त्या टाळण्याची संवय पुष्कळदां एकच. उपचार त्या संवयीवर आहे. तीव्र विकारांत औषध लागतेंच.

विधि करावा कीं नाहीं, हें ज्यानें त्यानें ठरवावें. मात्र विधीसाठीं चालू औषध थांबवूं नये, आणि नांव ठरेपर्यंत रोग्यास वैद्यावांचून ताटकळत ठेवूं नये.